मोरितासानचे वडील आणि पिंपातलं कार्ड

जहाजाच्या कठड्यापाशी एक पांढरं पिंप आडवं बांधलेलं असतं. इथं ओमानमध्ये फेरीबोटीनं खसबला गेलेल्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांनी त्याला टेकून फोटो काढले असतील. ते काय आहे असं विचारलं, तर कोणी पाण्याची टाकी सांगतं, कोणी गॅसची. त्या पिंपात मी आयुष्याची एकतीस वर्षं घातली आहेत.

आत रबराची होडी असते. लाइफ राफ्ट. बोट बुडायला लागली की पिंप समुद्रात लोटायचं आणि दोरीला हिसका द्यायचा. आतला गॅस सुटतो, पिंपाची दोन शकलं होतात आणि बघता बघता छपरासकट एक गोल होडी पाण्यावर उभी राहते. पिंप लोटायला कोणी उरलं नाही तरी हरकत नाही. बोटीबरोबर ते खाली गेलं की पाण्याच्या दाबानं त्याचा पट्टा आपोआप सुटतो आणि ते वर येतं. होडीत पाण्याच्या पिशव्या, बिस्किटं, उलटीच्या गोळ्या, आरसा, शिट्टी, मासे धरायचा गळ आणि बोथट टोकाचा एक चाकू असतो. चाकू बोथट का, हे हवेच्या होडीत बसलेल्याला सांगावं लागत नाही.

वर्षातून एकदा हे पिंप सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतं. आम्ही ते उघडतो, होडी फुगवून दिवसभर ठेवतो, कुठं हवा जाते का बघतो, जुनं पाणी काढून नवं भरतो आणि पुन्हा घडी घालतो. घडी हाच खरा धंदा. एवढी मोठी होडी त्या एवढ्याशा पिंपात बसवायची, तीही अशी की हिसका बसल्यावर कुठं अडकणार नाही. नऊवारीची घडी घालणाऱ्या बायकांनाच ही कला कळेल. रबर चिकटू नये म्हणून पावडर मारतात, त्यामुळे संध्याकाळी आम्ही सगळे बेकरीतून सुटल्यासारखे दिसायचो. वसईला एका लग्नात माझ्या मेव्हण्यानं व्याह्यांना माझी ओळख करून दिली होती, "हे आमचे दुमिंग भावोजी. गल्फमध्ये फुगे फुगवतात." मी हसलो. खोटं तरी काय बोलला होता?

शिंप्याला आपला सदरा घातलेला माणूस रस्त्यात दिसतो. आचारी जेवणाऱ्याचं तोंड बघतो. आमची वस्तू कोणी वापरली, म्हणजे कोणाची तरी बोट गेली. त्यामुळे आपलं काम कधीही उघडलं जाऊ नये, अशी प्रार्थना करणारी आमची जात. एकतीस वर्षांत मी बांधलेली होडी खऱ्या समुद्रात एकदाच उघडली. आणि त्या एका वेळी आतल्या कार्डावर माझं नाव नव्हतं.

ते कार्ड मोरितासान या माणसाचं खूळ. 'सान' म्हणजे आपलं 'राव'. आम्ही जपानी बनावटीच्या होड्या दुरुस्त करायचो आणि ती कंपनी दर वर्षी आमची तपासणी करायला माणूस पाठवायची. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा मोरितासान आले. साठी उलटलेली, बारीक चण, हातात स्वतःच्या चपलांची पिशवी. अगोदरचे तपासनीस यायचे, कागद बघायचे आणि अर्बाबबरोबर, म्हणजे आमच्या अरब मालकाबरोबर, बिर्याणी जेवून जायचे. यांनी आल्या आल्या बूट काढले, चाचणीसाठी फुगवलेल्या होडीत मोज्यांनिशी शिरले, छपराची दारं लावून घेतली आणि आत गप्प बसून राहिले. बाहेर आम्ही अकरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

आमच्या मॅनेजर मेश्राम मॅडम, नागपूरच्या. हुशार इंजिनियर, वयानं माझ्या मुलीएवढी, पण वर्कशॉपमध्ये तिच्यासमोर अर्बाबसुद्धा आवाज खाली ठेवायचा. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, हे आत काय करून राहिले?"

"झोपले असतील. विमानाचा शीण," मी म्हणालो.

पाचेक मिनिटांनी ते बाहेर आले आणि त्यांनी सात चुका सांगितल्या. त्यातल्या सहा माझ्या होत्या. छपराची शिवण आतून हाताला खरखरीत लागते, पाण्याची पिशवी जखमी हातानं सुटणार नाही अशी बांधली आहे, टॉर्च उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीनं ठेवला आहे. मॅन्युअलात यातलं काहीही नव्हतं. मला राग आला, आणि त्या दिवसापासून मी त्या माणसाचा चेला झालो.

शेवटी त्यांनी खिशातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला. होडी ज्यानं बांधली त्यानं स्वतःच्या हातानं या कार्डावर नाव लिहायचं आणि ते आतल्या पिशवीत टॉर्चशेजारी ठेवायचं. नियमाला फक्त शिक्का लागतो. नाव कशाला, असं मॅडमनी विचारलं. ते म्हणाले, "माझी विनंती समजा." जपानी माणसाची विनंती म्हणजे हुकूम असतो, हे आम्हाला पुढं कळलं.

दर वर्षी ते चार दिवस येत. मी त्यांच्यासाठी वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणून ठेवायचो. केळ्याच्या पानात बांधलेली ती पुडी ते सोडायचे, पुन्हा बांधायचे, पुन्हा सोडायचे. "उत्तम पॅकिंग, दुमिंगसान," असं म्हणायचे, आणि मग खायचे. तिसऱ्या वर्षी सुकेळी खाता खाताच त्यांनी वडिलांची गोष्ट काढली. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, त्यांचं मोडकं आणि माझंही, त्यामुळे एकमेकांचं छान समजायचं.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाच्या बाँबर विमानावर वायरलेस चालवायचे. वय एकवीस. त्या वैमानिकांना पॅराशूट मिळायचं, पण शत्रूच्या मुलखावर जाताना बरेच जण ते तळावरच ठेवून जात, नाहीतर उशीसारखं बुडाखाली घेत. पट्टे अंगाला बांधायचे नाहीत. का? तर उडी मारली आणि जगलो, तर कैद होऊ. आणि कैद होऊन जगणं ही लाज होती. नुसती आपली नाही, आईबापाची, भावंडांची, गावाची. तसंच शिकवलेलं होतं.

मी म्हणालो, "मोठे शूर लोक."

मोरितासाननी पानाचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "शूर होते. आणि पोरं होती. माझे वडील सांगायचे, कोणालाही मरायचं नव्हतं. सगळ्यांना घरी जायचं होतं. पण तसं बोलायला शब्दच दिलेला नव्हता. दुसऱ्या देशांचे सैनिक आमच्या हाती लागले, त्यांना आमच्या लोकांनी वाईट वागवलं, तेही याचमुळे. कैदी म्हणजे माणूसच नाही, असं एकदा ठरवलं की मग काय उरतं?"

त्यांच्या वडिलांचं विमान समुद्रावर पडलं. दोघे विमानाबरोबर गेले, तिघे पाण्यात. होडी नव्हती. तुटलेल्या पंखाला धरून ते तरंगत राहिले. दुसऱ्या दिवशी दोन सोबतीही राहिले नाहीत. मग शत्रूची बोट आली. वडील बोटीपासून लांब पोहायला लागले. अंगात त्राण नव्हतं, म्हणून बोटीवरच्या माणसानं लांब आकडीनं त्यांची कॉलर धरली आणि वर ओढलं. त्यांनी जीव द्यायला जीभ चावायचा प्रयत्न केला, तर त्या माणसानं तोंडात साखरेचं पाणी ओतलं. "त्या आकडीमुळे मी आहे," मोरितासान म्हणाले आणि सुकेळं तोंडात टाकलं. त्या वर्षी गोष्ट तिथंच थांबली. कोणी हाक मारली असावी.

आता माझ्या चुकीकडे येतो. पुष्कळ आढेवेढे घेतले.

होड्या बांधायचा परवाना दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन नवा करावा लागतो. मोरितासान येऊ लागले त्याच्या सहाव्या वर्षी, नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात माझ्या बायकोचं ऑपरेशन आलं, मी वसईला गेलो आणि परवाना संपला. पुढच्या परीक्षेला चार महिने होते. तोवर मी फक्त मदतनीस. परवाना असलेला दुसरा माणूस नेल्सन, मंगळूरचा, कामाला पक्का. तो एकदा दुक्म बंदरात एका जहाजावर गेलेला असताना एका टगबोटीचं पिंप आलं. दुसऱ्या दिवशी बोट निघायची होती आणि मॅडम रजेवर होत्या. मी नेल्सनला फोन लावला. तो म्हणाला, "दुमिंग अंकल, आप बांधो, मेरा नाम लिख दो. क्या फरक पड़ता है? मेरे को सिखाया किसने?"

खरंच, फरक काय होता? हात माझेच, घडी नेहमीचीच. मी ती होडी इतकी मन लावून बांधली की विचारू नका, जणू खोट्या नावाची भरपाई चालली होती. पाण्याच्या पिशव्या दोनदा मोजल्या. जखमी हातानंही सुटेल अशी गाठ मारली. आणि कार्डावर माझ्या हातानं नेल्सनचं नाव लिहून टॉर्चशेजारी ठेवलं. नेल्सननं आल्यावर कागदांवर सही केली. त्या चार महिन्यांत, नेल्सन बाहेर असला की, अशा आठ होड्या झाल्या. मग माझी परीक्षा झाली, परवाना आला, खलास. मी विसरूनही गेलो.

पाच महिन्यांनी ती टगबोट ओमानच्या आखातात बुडाली. इंजिनखोलीत पाणी शिरलं. पाच माणसं होडीत चढली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मालवाहू जहाजाला दिसली आणि पाचही जिवंत किनाऱ्याला आली.

बातमी आली तेव्हा वर्कशॉपमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्बाबनं सगळ्यांना हलवा वाटला. मी नेल्सनकडे बघितलं, नेल्सननं माझ्याकडे, आणि दोघांनी हलव्याकडे.

वापरलेली होडी परत आमच्याकडेच येते आणि कंपनीचा माणूस येऊन ती तपासतो. म्हणून मोरितासान आले. होडी जमिनीवर पसरलेली होती, मिठानं पांढरी पडलेली. ते पुन्हा मोजे घालून आत शिरले, पण या वेळी फार वेळ बसले. बाहेर आले तेव्हा हातात ते कार्ड होतं, ओलं होऊन सुकलेलं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. सहा वर्षं ते माझ्या हातची कार्डं बघत होते. माझा इंग्रजी एन कसा मागं झुकतो, हे माझ्या बायकोच्या खालोखाल त्यांनाच माहीत होतं. मग त्यांनी कार्ड वहीत ठेवलं.

तेवढ्यात टगबोटीचे सारंग आले. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मोंडकर नाव, मालवणकडचे, पन्नाशी पार केलेले, उन्हानं चेहऱ्याची सालटं निघालेली. जबानी लिहून द्यायला त्यांना बोलावलं होतं, पण ते दारातूनच विचारत आले, "नेल्सन कोण? माका तेका भेटूचा हा."

नेल्सन कोपऱ्यात पावडर झाडत उभा होता. कोणीतरी बोट दाखवलं. मोंडकर सरळ त्याच्याकडे गेले आणि त्याचे दोन्ही हात धरून रडायला लागले. मालवणीत बोलत होते, नेल्सनला एक अक्षर कळत नव्हतं. कळत होतं ते मला.

"बोट गेली आणि सारंग ऱ्हवलो, ह्या काय बरां नाय," ते म्हणत होते. "दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हान टकला फिरला. पोरां निजलेली. म्हटलंय, आता गुपचूप पाण्यात उतारया. गावात काय तोंड दाखवतलंय? उठाक आधार हवो म्हणान त्या पिशयेत हात घातलंय, तर ह्या कार्ड गावला. म्हटलंय, ह्या माणसाची माझी वळख ना पाळख, तरी तेना माझ्यासाठी पाण्याचे पिशये मोजून ठेवल्यान आणि खाली नाव लिवल्यान. आता मी उतारलंय तर ह्येचा तोंड काळा होतला. म्हणान ऱ्हवलंय. सगळ्या दिवसात तुझा नाव घेत ऱ्हवलंय, बाबा."

आणि ते नेल्सनच्या पायाशी वाकले. नेल्सननं त्यांना वरच्यावर धरलं आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत नुसतं 'अंकल, अब?' होतं. मी बघत राहिलो. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी पावडरीचा डबा उचलून आतल्या खोलीत गेलो.

मोंडकर जबानी देऊन गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "त्यांच्या कंपनीनं दोनदा तिकीट काढलं काका, पण जात नाहीत. मत्रह बंदरापाशी गावच्या कोणाच्या तरी खोलीवर राहून राहिले. फोनही बंद आहे. घरच्यांना नुसतं ऑफिसातून कळवलं की जिवंत आहेत."

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. खरं सांगितलं तर माझा परवाना जाणार, नेल्सनचाही, वर्कशॉपवर ठपका येणार, हे होतंच. पण त्याहून मला भीती होती ती मोंडकरांची. त्या माणसानं पाण्यात पाय सोडला नाही तो एका नावामुळे. ते नाव खोटं होतं असं सांगितलं, तर आता तो कशाला धरून राहील?

दुपारी मोरितासाननी सुकेळीची पुडी स्वतःहून मागितली. पण सोडली नाही. म्हणाले, "दुमिंगसान, वडिलांची गोष्ट अर्धी राहिली होती."

कैदेत त्यांच्या वडिलांना नाव विचारलं, तेव्हा त्यांनी खोटं सांगितलं. बहुतेक सगळे तसंच करायचे. घरी कळायला नको होतं. घरच्या दृष्टीनं आपण मेलेलेच बरे. छावणीत त्यांना कोणी मारलं नाही. उलट औषध मिळालं, खायला मिळालं, आणि त्यानंच ते जास्त गोंधळले. कैद झाल्यावर काय बोलायचं नाही, हेही कोणी शिकवलेलं नव्हतं, कारण कैद व्हायचंच नव्हतं ना! तीन वर्षं ते दुसऱ्याच नावानं भात खात होते. त्या नावानं छावणीतल्या धोबीखान्यात काम केलं, त्या नावानं मित्र केले. युद्ध संपल्यावर गावच्या स्टेशनावर उतरले, तर कळलं की आपल्या मरणाचं पत्र केव्हाच आलेलं आहे. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी आली होती, आत नुसता कागद. गावानं अंत्यविधी केला होता आणि थडग्यावर त्यांचं नाव कोरलं होतं. ते स्वतःच्या थडग्यासमोर उभे राहिले आणि घरी न जाता स्टेशनच्या मागं जाऊन बसले.

"मी कंपनीत लागलो तेव्हा त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं," मोरितासान म्हणाले. "म्हणाले, होड्या करतोस, चांगलं आहे. पाणी ठेव, बिस्किटं ठेव, पण अजून एक वस्तू ठेव, जी आम्हाला कोणी दिली नव्हती. जगायची परवानगी. ती कशी ठेवायची, याचा मी बरीच वर्षं विचार केला. शेवटी कार्ड सुचलं. कोणीतरी नाव लिहून सांगतोय की तू जगावंस अशी माझी इच्छा आहे, मी इथं उभा आहे."

एवढं बोलून त्यांनी पुडी सोडली आणि एक सुकेळं माझ्यापुढं केलं. त्या कार्डाबद्दल ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांना पापनिवेदनाची सवय असते. पण चर्चमध्ये मधे जाळी असते, पलीकडच्याचं तोंड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये मोरितासानांसमोर उभा राहिलो तेव्हा जाळी नव्हती. सगळं सांगितलं. आठही होड्यांचे नंबर दिले. नेल्सनचा दोष नाही, तो माझा शिष्य, गुरूनं सांगितलं तसं वागला, असंही सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. "काका, मला तेव्हाच एक फोन करायचा होता ना," एवढंच ती म्हणाली.

मोरितासान उठले आणि कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला. मला वाटलं, सुटलो! मग बसले आणि शिक्षा लिहून दिली. माझा परवाना सहा महिने बंद. नेल्सनचा एक महिना. आठातल्या उरलेल्या सातही होड्या परत मागवून, नेल्सनचा महिना भरल्यावर, पुन्हा बांधायच्या, आणि त्या सगळ्या वेळी मी मदतनीस म्हणून नेल्सनच्या हाताखाली उभं राहायचं. वर्कशॉपला लेखी ताकीद. एका अक्षराची सूट नाही. या माणसाचं मला कौतुक वाटतं ते इथं. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला आजही माहीत नाही, पण त्यांनी मला खड्ड्यातून वर ओढलं, त्यांच्या वडिलांना ओढलं होतं तसं, कॉलर धरून.

मग त्यांनी ते कार्ड काढलं. मी नेल्सनचं नाव खोडायला पेन उचललं तर म्हणाले, "खोडू नका. खाली लिहा." त्यांच्या वडिलांनी म्हातारपणी थडग्याच्या दगडावर, आपल्या नावाखाली, कैदेतलं ते खोटं नावही बारीक अक्षरांत कोरून घेतलं होतं. म्हणायचे, "त्या नावाला तीन वर्षं भात मिळाला. ते खोटं असेल, पण ते जगलंय. त्याला मारू नका." मी नेल्सनच्या नावाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

"आता ज्याचं कार्ड आहे त्याला ते द्या," मोरितासान म्हणाले.

मॅडमनी स्वतः गाडी काढली. सोहारहून आम्ही मत्रहला गेलो. उतरताना ती म्हणाली, "मी गाडीतच बसते काका. हे तुमचं तुम्ही करा."

मोंडकर बंदराजवळच्या चहाच्या टपरीवर भेटले. समोर जुन्या लाकडी होड्या डुलत होत्या आणि ते त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. होडी मी बांधली, नाव दुसऱ्याचं लिहिलं, आणि काल तुम्ही नेल्सनच्या पाया पडत होता तेव्हा मी आत पळून गेलो.

त्यांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, आता चहा तोंडावर येतो.

"म्हणजे मी दिसभर जेचा नाव घेतलंय, तो भलतोच?"

"भलताच."

"आणि तू थयच उभो व्हतंस?"

"होय."

मोंडकरांनी कार्ड उचललं. दोन्ही नावांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग विचारलं, "पाण्याचे पिशये कोणी मोजल्यान?"

"मीच. दोनदा."

"आणि ती गाठ? माझ्या हाताक लागलेला, तरी एका ओढीत सुटली."

"माझीच. पण ती तशी मारायला एका जपानी माणसानं शिकवली."

"तो जपानी कशाक मधे?"

म्हणून मग मोरितासानच्या वडिलांची सगळी गोष्ट सांगावी लागली. उशीसारखं बुडाखाली घेतलेलं पॅराशूट, तुटका पंख, आकडी, खोटं नाव, कागदाची पेटी, थडगं. मोंडकरांचा चहा गार झाला. मी स्टेशनच्या मागं बसलेल्या त्या पोरापर्यंत आलो आणि थांबलो.

"मगे? घराक गेलो काय नाय तो?"

"गेला. संध्याकाळी. कुंपणाशी उभा राहिला, मागून आणलेल्या कोटात. आई अंगणात आंघोळीच्या पाण्याखाली जाळ घालत होती. तीन वर्षं ती त्याच्या फोटोपुढं रोज भाताची वाटी ठेवत होती."

"काय बोलली आवस?"

हे मी मोरितासानना विचारलेलं होतं, आणि त्यांनीही ते आपल्या वडिलांना विचारलेलं होतं. आईनं किंकाळी मारली नाही, कुठं होतास असं विचारलं नाही, गाव काय म्हणेल तेही बोलली नाही. ती म्हणाली, "किती हा उशीर! पाणी पार निवून गेलं." आणि खाली वाकून तिनं चुलीत आणखी दोन लाकडं सारली.

मोंडकर उठले. पाठीमागच्या होड्यांकडे पहिल्यांदाच वळून उभे राहिले. नाक शिंकरलं. मग खिशातून फोन काढून सुरू केला. इतक्या दिवसांचे मिस्ड कॉल त्यावर टिंग टिंग करत आदळायला लागले, ते संपेपर्यंत वाट बघितली आणि एक नंबर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, रडणं आणि ओरडणं एकत्रच, एवढा मोठा की मलाही ऐकू आला. त्यांनी तिला पोटभर बोलू दिलं. त्यांच्या दुसऱ्या हातात ते कार्ड होतं.

"होय गे, होय. मीच," ते म्हणाले. "शनवारच्या विमानान येतंय. पाणी तापत ठेव."